पहिली मात्रा रिकामी: 'द रट्स' कसे उभे राहिले आणि कसे संपले

तू तीन गोष्टी विचारल्यास. 'बॅबिलन्स बर्निंग' आणि 'जा वॉर' ही गाणी खरंच एकाच बँडची आहेत का? तुमचा पंक (वेगवान, आरडाओरड्याचं रॉक) बँड गाण्यात मध्येच रेगे (जमैकाचं संगीत) घालतो तेव्हा ते गॅदरिंगमधल्या विनोदी प्रवेशासारखं का वाटतं? आणि इतका तयारीचा बँड एवढ्या लवकर का संपला?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, एकाच बँडची, लंडनच्या 'द रट्स' या पंक बँडची, आणि एकाच अल्बमवरची. माल्कम ओवेन गायला, पॉल फॉक्स गिटारवर, जॉन जेनिंग्ज बेसवर (त्याला सगळे 'सेग्ज' म्हणतात) आणि डेव्ह रफी ड्रम्सवर. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी जास्त बोलणार आहे. मी सत्तावीस वर्षं बेस वाजवतोय आणि त्यातली पहिली पाच मी रेगे चुकीचा वाजवण्यात घालवली आहेत.

आधी गाव समजून घे. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोच्या अलीकडे साउथॉल आणि हेज ही उपनगरं एकमेकांना चिकटून आहेत. मी दोन वर्षं लंडनला होतो तेव्हा कढीपत्ता आणि ताजी मेथी आणायला साउथॉलला जायचो. तिथे मराठी कानावर पडणं म्हणजे योगायोग, गाव पंजाब्यांचं. सत्तरच्या दशकातही तसंच होतं, आणि त्यांच्या शेजारी कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं राहत होती. ४ जून १९७६ रोजी गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा तिथे डोमिनियन थिएटरजवळ भोसकून खून झाला. त्यातून साउथॉल यूथ मूव्हमेंट उभी राहिली. त्याच उन्हाळ्यात एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परदेशी लोकांविरुद्ध बरळला आणि उत्तर म्हणून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ सुरू झाली. तिची युक्ती साधी होती: एकाच स्टेजवर, एकाच तिकिटात एक पंक बँड आणि एक रेगे बँड.

अशा कार्यक्रमांत सगळ्यात जास्त वेळा उभा राहिलेला रेगे बँड म्हणजे साउथॉलचा 'मिस्टी इन रूट्स'. मिस्टीची मंडळी 'पीपल युनाइट' नावाने एकत्र राहत, वाजवत, शिकवत. त्याच नावाचं त्यांचं रेकॉर्ड लेबलही होतं. १९७७ मध्ये जमलेले रट्स हे त्यांचे शेजारी. चौघेही गोरे. एकत्र गिग, एकत्र प्रवास, एकमेकांचा सेट बाजूला उभं राहून ऐकणं, असं चाललं होतं. जानेवारी १९७९ मध्ये रट्सचं पहिलं सिंगल 'इन अ रट' आलं ते याच पीपल युनाइट लेबलवर. गोऱ्या पंक बँडची पहिली रेकॉर्ड काळ्या रेगे बँडने काढली! लोक हे तळटीप असल्यासारखं सांगतात. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

(रट म्हणजे चाकोरी, बैलगाडीच्या चाकांनी पडते ती. गाण्याचा मतलब एवढाच की चाकोरीत रुतलायस, बाहेर पड. आपल्या भाषेत बँडचं नाव 'चाकोऱ्या' झालं असतं; हे मला फार आवडतं, पण ते असो.)

आता तुझा दुसरा प्रश्न. त्या काळच्या लंडनमध्ये पंकवाल्यांना रेगे ऐकायला मिळत होताच. रॉक्सी क्लबमध्ये डॉन लेट्स डीजे होता, आणि वाजवण्याइतक्या पंक रेकॉर्ड तेव्हा निघालेल्याच नसल्यामुळे तो रात्रभर रेगे आणि डब (रेगेचाच एक प्रकार, त्याबद्दल पुढे) लावायचा. 'क्लॅश' या पंक बँडने 'पोलीस अँड थीव्ह्ज' हे रेगे गाणं आपल्या पहिल्या अल्बमवर घेतलं ते त्या हवेत. मला क्लॅश प्राणप्रिय आहे, पण ते गाणं म्हणजे रेगेवर प्रेम करणाऱ्या रॉक बँडने वाजवलेलं रॉक आहे, आणि ते तसंच छान आहे. रट्सचं वेगळं होतं. रफी आणि फॉक्स आधी फंक वाजवून आलेले. म्हणजे एका जागी बसून एकच ठेका दहा मिनिटं न कंटाळता धरायची सवय त्यांच्या हाताला होती. बहुतेक पंक ड्रमरना ही सवय नसते. तुमच्या ड्रमरलाही नाही, तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दर चार ओळींनी तो ठेका मोडून एक फिल, म्हणजे छोटी सजावट, टाकतो.

जरा हिशेब करू. पंकचा टेम्पो समज मिनिटाला १५० मात्रा आहे. चार मात्रा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक आणि तीनवर, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दोन आणि चारवर, गिटार सगळीकडे, बेस पिकने गिटारच्या मागे धावतोय. आता मेट्रोनोमला हात न लावता रेगेचा 'वन ड्रॉप' घे. गिटारचा छोटा, तुटक कॉर्ड दोन आणि चारवर. म्हणजे पंकमध्ये जिथे स्नेअर फुटत होता बरोबर तिथे. किक आणि रिम (स्नेअरच्या कडेवरची काठी) दोन्ही मिळून फक्त तीनवर. आणि पहिल्या मात्रेवर ड्रम्सचं काहीच नाही.

तबला शिकलेल्याला मी असं सांगतो: केरव्यात एकवर सम आणि पाचवर खाली. तो निम्मा करून चार मात्रांत बघ, एकवर सम, तीनवर खाली. वन ड्रॉपमध्ये समेवर हात उचललेला आणि सगळा भार खालीवर. केरवा उलटा करून अंगात घातल्यासारखा. ऐकणारा समेवर पाय टाकायला जातो, तिथे पायरीच नसते, आणि त्या अर्ध्या क्षणात त्याची कंबर हलते. तिथे किक मारलीस की पायरी आली, आणि नाच गेला.

म्हणून दोन्ही संगीतांमधला सांधा लोकांना वाटतो तितका अवघड नाही. लय तीच राहते, फक्त कोण कुठे बोलतं ते बदलतं. तुम्ही चूक करता ती ही की रेगेचा भाग आला की सगळेजण 'हळू' होतात, टेम्पो १५० वरून १३० वर घसरतो, गायक जमैकन हेल काढायला लागतो आणि बेसवाला तसाच वाजवत राहतो. सगळ्यात आधी बेस बदलायला हवा. पिक खिशात, बोटाने वाजव, ट्रेबल जवळपास शून्यावर, आणि सुरांपेक्षा सुरांमधली जागा मोजून ठेव. रेगेत गाण्याची चाल बेस धरतो. गिटार म्हणजे टाळ.

माझी स्वतःची फजिती सांगतो. कॉलेजच्या एका फेस्टिव्हलला आम्ही दोन पंक गाणी आणि मधे एक रेगे असा सेट लावला होता. मी रेगेतही भराभर सुरावटी काढत होतो, फार खूश होतो. खाली साउंडला एक वयस्क गोवेकर होते, हॉटेलांतल्या बँडमध्ये आयुष्यभर बेस वाजवलेले. कार्यक्रम संपल्यावर ते म्हणाले, "बाबा, तू सगळ्या खुर्च्यांवर एकटाच बसतोयस. लोकांनी बसायचं कुठे?" पुढची दोन वर्षं दर सुट्टीत मी म्हापशाला त्यांच्याकडे जाऊन बसायचो. पहिला महिना त्यांनी मला फक्त दोन सूर वाजवू दिले. मिस्टीने रट्सना नेमकं काय शिकवलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण 'जा वॉर'मधला सेग्जचा बेस ऐकला की कळतं, या माणसालाही कुणीतरी खुर्च्या रिकाम्या ठेवायला सांगितलं होतं.

ते गाणं कशावर आहे हे माहीत असल्याशिवाय मात्र ते वाजवू नकोस.

२३ एप्रिल १९७९. सार्वत्रिक निवडणुकीला दहा दिवस. नॅशनल फ्रंट या उघड वर्णद्वेषी पक्षाने आपली प्रचारसभा मुद्दाम साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये लावली. हजारो साउथॉलकर रस्त्यावर उतरले. दुकानं बंद झाली. हजारोंच्या संख्येने पोलीस आले, घोडे आले, स्पेशल पेट्रोल ग्रुप ही खास तुकडी आली. त्या संध्याकाळी ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला तेहतीस वर्षांचा शिक्षक डोक्यावर बसलेल्या फटक्याने गेला. पुढच्या वर्षी ज्युरीने 'अपघाती मृत्यू'च्या जातीचा निकाल दिला. पोलिसांनी स्वतः केलेल्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर यायला २०१० उजाडलं. त्यात लिहिलं होतं की तो फटका जवळजवळ नक्कीच एका पोलिसाचा होता. खटला कुणावरच चालला नाही. साउथॉलमध्ये आज त्याच्या नावाची प्राथमिक शाळा आहे.

त्याच संध्याकाळी पोलीस पार्क व्ह्यू रोडवरच्या पीपल युनाइटच्या घरात शिरले. आत माणसं होती, वाद्यं होती, अ‍ॅम्प होते. माणसांना मारलं आणि सामानाचा चक्काचूर केला. मिस्टीचा मॅनेजर क्लॅरेन्स बेकर याची कवटी फुटली आणि तो बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलमध्ये पडून राहिला. तो वाचला, पण तेव्हा कुणालाच त्याची खात्री नव्हती.

'जा वॉर' हे त्या क्लॅरेन्स बेकरचं गाणं आहे. गाण्यात त्याचं नाव आहे. तो भांडखोर माणूस नव्हता आणि पोलिसाच्या दंडुक्याने तो खाली पडला, इतकं साधं सांगितलंय. जवळपास सात मिनिटांचं गाणं. एका पंक बँडने, ज्यांची गाणी तीन मिनिटांत संपायची, मित्राचं डोकं फुटल्यावर आरडाओरडा केला नाही. गाणं संथ ठेवलं, गॅरी बार्नेकलचा सॅक्सोफोन घेतला, आणि ज्याच्यावर वार झाला त्याच्याच संगीतात ते म्हटलं. माल्कम ओवेनचा गळा मूळचा खरबरीत, ओरडण्याचा. इथे तो आवरून गातो आणि जमैकन हेल काढत नाही. हे तुझ्या गायकाला दोनदा ऐकव.

'बॅबिलन्स बर्निंग' याच्या उलट टोकाचं. सायरन, मग गिटार, मग धावपळ. ठेक्यात रेगेचा थेंबसुद्धा नाही. पण शीर्षकातला 'बॅबिलन' हा शब्द बघ. रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाच्या बोलीत बॅबिलन म्हणजे जुलमी व्यवस्था, आणि रोजच्या बोलण्यात पोलीस. हेजच्या गोऱ्या पोरांच्या तोंडी तो शब्द शेजाऱ्यांकडून आला, आणि गाण्यात शहर जळतंय ते चिंतेने. एका गाण्यात रेगेची भाषा घेतली आणि ठेका पंकचा ठेवला; दुसऱ्यात ठेका रेगेचा आणि बातमी आपल्या गल्लीतली. दोन्ही एकाच भांड्यात ढवळून त्यांनी खिचडी फारशी केलीच नाही. त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये 'बॅड ब्रेन्स' हा काळ्या मुलांचा बँडही याच वाटेने निघाला होता: अतिवेगवान गाणी वेगळी आणि रेगे वेगळा, पण वाजवणारे हात तेच. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. एकाच गाण्यात बारा ओळी पंक आणि आठ ओळी रेगे हे बहुतेक वेळा 'आम्हाला दोन्ही येतं' हे दाखवायला केलेलं असतं.

पुढचं झपाट्याने घडलं. जॉन पीलने बीबीसी रेडिओवर 'इन अ रट' उचलून धरलं, व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने करार केला, जून १९७९ मध्ये 'बॅबिलन्स बर्निंग' ब्रिटनच्या सिंगल विक्रीच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी शरदात 'द क्रॅक' हा अल्बम आला. निर्माता मिक ग्लॉसप. त्यावर 'एस.यू.एस.' नावाचं एक गाणं आहे. १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्याचा आधार घेऊन पोलीस नुसत्या संशयावरून कुणालाही रस्त्यात पकडू शकत, आणि पकडत ते बहुधा काळ्या मुलांनाच. हे कलम १९८१ मध्ये रद्द झालं. म्हणजे दीडशे वर्षं जुन्या कायद्यावर पंक गाणं, आणि ते वाजवणाऱ्यांना स्वतःला त्या कायद्याचा त्रास तुलनेने कमीच. शेजार असा असतो.

एक गोष्ट मला खटकते तीही सांगतो. साउथॉलचा सर्वांत मोठा आवाज या संगीतात कुठेच नाही. १९७७ मध्येच, त्याच गावात, 'अलाप' हा भांगडा बँड सुरू झाला होता. लग्नांच्या हॉलमध्ये ढोल वाजत होता, चार रस्ते पलीकडे रट्स आणि मिस्टी. २३ एप्रिलला रस्त्यावर तिघांचे श्रोते एकत्र होते, रेकॉर्डवर मात्र नाहीत. भांगडा आणि रेगे एकत्र यायला पुढे आणखी बरीच वर्षं जावी लागली. यात दोष कुणाचा नाही, पण 'सगळे एकत्र आले होते' असं कुणी भाबडेपणाने सांगायला लागलं की मी ढोलाबद्दल विचारतो.

आता तिसरा प्रश्न, जो मला लिहायला आवडत नाही.

'इन अ रट'च्या मागच्या बाजूला 'एच-आइज' नावाचं गाणं आहे. एच म्हणजे हेरॉइन. व्यसनाने खोल गेलेल्या डोळ्यांवरचं, रागावून सावध करणारं गाणं, आणि गाणारा माल्कम ओवेन. दीड वर्षाने तोच गेला. 'स्टेअरिंग अ‍ॅट द रूड बॉइज' एप्रिल १९८० मध्ये आलं. टू-टोनच्या (पंक आणि जमैकन स्का मिसळणाऱ्या ब्रिटिश बँडांच्या) लाटेतल्या गिगमधल्या मारामाऱ्यांवरचं, माझ्या मते त्यांचं सर्वांत घट्ट बांधलेलं गाणं. तोपर्यंत कार्यक्रम रद्द होऊ लागले होते. घसा बिघडला होता, हेरॉइन आवरत नव्हतं. उरलेल्या तिघांनी त्याच्याशिवाय पुढे जायचं ठरवलं. नंतर पुन्हा एकत्र येण्याची बोलणीही झाली. १४ जुलै १९८० रोजी हेजमध्ये आईवडिलांच्या घरी बाथटबमध्ये तो मृतावस्थेत सापडला. तिशीही गाठली नव्हती. 'वेस्ट वन' हे त्याच्या आवाजातलं शेवटचं सिंगल त्याच्यामागे ऑगस्टमध्ये बाजारात आलं.

तू विचारलंस तेव्हा तुझ्या मनात बहुधा दुसरी उत्तरं होती: कंपनीने गिळलं, फॅशन बदलली, बँडमध्ये भांडणं झाली. क्लॅशचं तसं झालं म्हणता येईल. त्यांनी आधी ड्रमर आणि मग गिटारिस्ट मिक जोन्सला काढलं आणि नंतर नावापुरते उरले. रट्सचं तसं नाही. ते ऐन भरात होते. एक माणूस आजारी होता आणि त्या आजाराला त्या धंद्यात कुणी आजार म्हणत नव्हतं. दौरा थांबवला तर पैसे थांबतात, म्हणून दौरा चालू. गायक स्टेजवर उभा राहू शकतोय ना, मग ठीक. मी आमच्या एका बँडमध्ये हेच पाहिलंय, पदार्थ वेगळा होता, दारू. आम्ही त्याला रोज सांभाळून न्यायचो आणि त्याला मदत समजायचो. तो जगला, पण त्याचं श्रेय आमचं नाही, त्याच्या बहिणीचं आहे. तिने आमचा फोन घेणंच बंद केलं होतं.

उरलेल्या तिघांनी दुकान लगेच बंद केलं नाही. नाव बदलून 'रट्स डी.सी.' केलं. डी.सी. म्हणजे 'दा कापो', पाश्चात्त्य स्वरलिपीतली खूण: पुन्हा पहिल्यापासून. १९८२ मध्ये मॅड प्रोफेसर या डब निर्मात्याबरोबर त्यांनी 'ऱ्हिदम कोलिजन' हा डब अल्बम केला. डब म्हणजे गाणं वाजवून झाल्यावर मिक्सरवर बसून त्यातलं एकेक काढून घेणं. आवाज मधेच गायब, गिटारचा एक तुकडा डिलेत (प्रतिध्वनीत) सोडून दिलेला, खाली फक्त बेस आणि ड्रम. हे ऐकताना एक विचित्र गोष्ट जाणवते. हा बँड गायक गमावलेला आहे, आणि ज्या संगीतात गायकाला काढून घेणं हीच कला आहे, त्यात तो सगळ्यात मोकळा वाजतो. तुम्ही चौघांनी शिकायला मी 'द क्रॅक'च्या आधी हाच अल्बम लावेन. १९८३ मध्ये तेही थांबले. रफी पुढे 'अ‍ॅझ्टेक कॅमेरा'सारख्या नाजूक पॉप बँडमध्ये वाजवत होता, यावरून त्या हाताची तयारी समज.

आणि मग २००७. पॉल फॉक्सला फुप्फुसाचा कर्करोग झाला. १६ जुलैला लंडनच्या इस्लिंग्टन अ‍ॅकॅडमीत त्याच्यासाठी कार्यक्रम ठेवला गेला, आणि सत्तावीस वर्षांनी तिघे रट्स म्हणून उभे राहिले. माल्कमच्या जागी अमेरिकेहून आलेला पंक गायक हेन्री रॉलिन्स, जो पोरवयापासून त्यांचा भक्त. त्या रात्री आधी वाजवणाऱ्यांत मिस्टी इन रूट्स होते. ऑक्टोबरमध्ये फॉक्स गेला. सेग्ज आणि रफी नव्या गिटारिस्टला घेऊन रट्स डी.सी. म्हणून परत वाजवायला लागले, आणि आता गातो सेग्ज, बेस वाजवता वाजवता.

तर तुमच्यासाठी पुढचा महिना असा. तुमच्या नव्या गाण्यातला रेगेचा तुकडा काढून टाका. त्याऐवजी एक अख्खं गाणं रेगेत करा, सहा मिनिटांचं, तुमच्या गल्लीत खरंच घडलेल्या एखाद्या गोष्टीवर, आणि मराठीत. जमैकन हेल बंद. फेब्रुवारीच्या आसपास गोव्यात सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव असेल तर चौघे मिळून जा आणि गर्दीत न घुसता साउंड सिस्टिमच्या बाजूला उभे राहून फक्त बेस छातीत कुठे बसतो ते बघा. आणि तालमीत आमचा जुना नियम लावा: पहिल्या मात्रेवर ज्या ड्रमरची किक पडेल, त्या दिवसाचा चहा आणि क्रीमरोल त्याच्याकडून. आमचा ड्रमर पहिल्या आठवड्यात चारशे रुपयांना बुडाला होता.